जुना वाडा, नवे स्वयंपाकघर

इंदूरचा लालबाग राजवाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १८८६ साली आरंभ होऊन १९२१ साली पुरा झालेला होळकरांचा हा प्रासाद. त्यातील संगमरवरी जिने आणि चितारलेली छते पाहून झाली, की संसारी माणसाच्या मनात साहजिकच एक प्रश्न येतो: एवढ्या मोठ्या घरात स्वयंपाक कोठे होत असे? उत्तर असे की, तो ह्या घरात होतच नसे. मुदपाकखाना खान नदीच्या पैलतीरावर बांधलेला होता आणि तेथून एका भुयारी वाटेने पक्वान्ने राजवाड्यात येत. धूर नको, फोडणीचा खाट नको, भांड्यांचा आवाज नको, म्हणून मध्ये चक्क एक नदी ठेवण्यात आली!

आपल्यासारख्यांच्या घरांत मध्ये घालावयास नदी नव्हती, म्हणून आपण भिंत घातली. ओटी, सोपा, माजघर, देवघर ही सारी उजेडाच्या अंगाला आणि स्वयंपाकघर मात्र वाड्याच्या अगदी पोटात, पाठीमागे, एका झरोक्याच्या आधारावर. घरातील जी माणसे दिवसाचे आठ-दहा तास तेथे काढीत, त्यांना दर्शनी भागाची फारशी गरज पडत नाही, असा वाडे बांधणाऱ्यांचा समज असावा. आज मला जे सांगावयाचे आहे ते ह्याच काळोख्या खोलीविषयी. जुने वाडे दुरुस्त करून त्यांत पुन्हा राहावे, अशी आवड अलीकडे पुष्कळ कुटुंबांत दिसू लागली आहे आणि ती स्तुत्य आहे. परंतु दुरुस्तीचा पहिला रुपया दिंडीदरवाज्यावर पडतो आणि शेवटचा, उरलाच तर, स्वयंपाकघरावर. ह्या रीतीचा मीही एक अपराधी आहे, म्हणून स्वतःच्याच घरची हकीकत सांगतो.

इंदूरच्या वायव्येस, मोटारीने तासाभराच्या वाटेवर, देपालपूर नावाचे गाव आहे. गावालगत मोठा तलाव आहे आणि परमार राजा देवपाल ह्याच्या नावावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. होळकरांच्या अमदानीत हे परगण्याचे ठिकाण. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव ह्यांचा जन्म १७४५ साली येथेच झाला, असेही सांगितले जाते. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेली दक्षिणी कुटुंबे अशा परगण्याच्या गावी कारकुनी, कमाविशी, वतने ह्यांच्या निमित्ताने स्थायिक झाली. त्यांच्या घरी पुरणपोळीही होते आणि दालबाफलेही होतात. बोलताना मराठी वाक्याचे शेपूट माळवीत संपले तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. आमच्या घराण्याचा लहानसा वाडा अशांपैकीच एक. तेथे माझ्या काकू राहतात. त्यांनी ऐंशी वर्षे कधीच ओलांडली. त्यांच्याजवळ माझा चुलतभाऊ आणि वहिनी.

दोन वर्षांमागे भावाने वाडा दुरुस्त करावयाचे मनावर घेतले. मी आयुष्यभर घरबांधणीच्या धंद्यात काढलेली, तेव्हा सल्लागार म्हणून मला बोलावणे आले. ओटीचे खांब, कडीपाट, कौले ह्यांत फारसा मतभेद झाला नाही. वाद झाला तो स्वयंपाकघरावरून, आणि तो तिघांचा तीन तऱ्हांनी झाला.

भावाने इंदूरहून एका ठेकेदाराला आणले होते. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाचे एक पुस्तक होते, आणि त्यातील सर्व स्वयंपाकघरे एकमेकांची जुळी भावंडे शोभावीत अशी: राखाडी, पांढरी, चकचकीत, भिंतीला टांगलेल्या कपाटांची. आठ दिवसांत काम पुरे करून देतो, असे त्याचे आश्वासन. माझा आग्रह नेमका उलट होता. ती जुनी मातीची चूल, तिच्यामागे शंभर वर्षांच्या काजळीने शाळिग्रामासारखी काळी झालेली भिंत, उतरंड, शिंके, फडताळ हे सारे जसेच्या तसे राखावे, आणि रोजच्या रांधण्यासाठी पडवीत एक आधुनिक ओटा करावा, असे मी सुचविले. मला त्या काळोखात काहीतरी पवित्र वाटत होते. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. काकू मात्र म्हणाल्या, "अरे, ती भिंत तुला जपायची आहे, पण तो धूर गिळला कोणी? मला त्या भिंतीवर रंग हवा. तांदळातला खडा दिसला पाहिजे मला."

मी निरुत्तर झालो. त्या घरात त्या सून म्हणून आल्या तेव्हा गॅस नव्हताच. मुंबईत बर्मा-शेलने घरगुती गॅसचा पुरवठा १९५५ साली सुरू केला, पण देपालपुरासारख्या गावाच्या चुलीपर्यंत तो पोचावयास पुढे कित्येक वर्षे गेली. आणि उज्ज्वला योजनेची घोषणा २०१६ साली व्हावी लागली, ह्यावरून खेड्यापाड्यांतील चुलीचा धूर किती दीर्घायुषी होता हे ध्यानात यावे. त्या धुराने डोळे जातात, छाती भरते, हे आता वैद्यकाने निःसंशय ठरविले आहे. मला जी भिंत शाळिग्रामासारखी दिसत होती, तिच्यासमोर काकूंची दृष्टी अधू झाली होती. तेव्हा जुने घर राखावयाचे म्हणजे त्यातील नेमके काय राखावयाचे, ह्या प्रश्नापाशी मी प्रथमच खरोखर थांबलो.

ठरले ते असे. ठेकेदाराचे पुस्तक परत द्यावयाचे, माझा काळोखही परत घ्यावयाचा, आणि स्वयंपाकघर त्याच खोलीत, परंतु नव्याने, त्या खोलीच्या आणि त्या दोघींच्या मापाने बेतावयाचे.

मापाने बेतणे ही गोष्ट इंदूरकरांना नवी नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट म्युथेसियस ह्या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग बांधून घेतली, तेव्हा दिव्यापासून दाराच्या मुठीपर्यंत पुष्कळशा वस्तू त्या घरासाठी म्हणून आखण्यात आल्या. पुढे १९८० साली त्यातील सामानाचा मोनॅकोत लिलाव झाला आणि जगातल्या संग्राहकांनी ते उचलून नेले. परंतु राजाला जे पैशाने मिळते ते आपल्याकडे गावच्या सुताराकडून मिळत आलेले आहे. पूर्वी पाट, चौरंग, दुभत्याचे कपाट, फडताळाची दारे ही कोणी बाजारातून आणीत नसे. सुतार घरी येई, हाताच्या वितीने मोजी आणि पडवीत बसून करून देई. तयार मालाच्या पुस्तकाने ही विती आपल्याकडून काढून घेतली, एवढेच काय ते झाले.

आम्ही प्रथम माणसे मोजली. काकूंची उंची चार फूट दहा इंच, वहिनींची पाच फूट तीन. उभ्याने काम करावयाचा ओटा कोपरापेक्षा सुमारे चार इंच खाली असला म्हणजे चिरणे-निवडणे सोपे जाते. कणीक मळणे, पोळी लाटणे ह्यांत अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून तो आणखी दोन-तीन इंच खाली हवा. शेगडी तर स्वतःच चार-पाच इंच उंच असते आणि तिच्यावर पातेले चढते. तेव्हा शेगडीखालचा भाग सर्वांत खाली पाहिजे, नाहीतर पुरण घाटताना खांदा कानाला लागतो. हे सारे शाळकरी गणित आहे. तरीही ठेकेदाराच्या पुस्तकात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसकट चौतीस इंचांचा एकच ओटा होता, कारण कारखान्याला तो सोयीचा पडतो. आमच्याकडे दोन उंच्या झाल्या. मोरीजवळचा आणि चिरण्याचा भाग पस्तीस इंच, तो वहिनींचा. शेगडीचा आणि लाटण्याचा भाग एकोणतीस इंच, तो दोघींचा. शिवाय काकूंसाठी भिंतीशी एक रुंद बाकडे. गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसणे त्यांना आता जमत नाही. परंतु निवडणे, सोलणे, भुट्ट्याचा कीस पाडणे ही कामे त्यांना कोणी करू नका म्हटले तर त्या ऐकणाऱ्या नाहीत.

मग खोली मोजली, आणि तिने आम्हाला हसविले. समोरासमोरच्या दोन भिंतींत एका टोकाला अकरा फुटांचे अंतर, दुसऱ्या टोकाला अकरा फूट चार इंच. एकही कोपरा काटकोनी नाही. भिंती दोन फूट जाड, आतून माती आणि कच्च्यापक्क्या विटा, बाहेरून चुन्याचा गिलावा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभे असलेले घर वर्षातून एकदा अंग मोडून आळस देते म्हणा ना. अशा भिंतीला खिळे ठोकून शेकडो शेरांची कपाटे टांगणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर पोते देण्यासारखे आहे. म्हणून आम्ही भिंतीला काहीच टांगले नाही. सर्व कपाटे सागवानी, स्वतंत्र पायांवर उभी केलेली, भिंतीपासून दोन बोटे सुटी. त्यामुळे भिंतीलाही वारा लागतो, आणि पाठीमागे वाळवी चढू लागलीच तर ती डोळ्यांना दिसते. उरलेला संग्रह जुन्या कोनाड्यांत आणि फडताळांत. ती भिंतीच्या जाडीतच असल्यामुळे जागा मुळीच अडवीत नाहीत. आपल्या पूर्वजांनी केलेली ही सर्वांत शहाणी सोय, असे माझे मत आहे.

उजेडासाठी खिडकी पाहिजे होती. भार वाहणाऱ्या जुन्या भिंतीला नवे भोक पाडावयाचे म्हणजे छातीवर हात ठेवूनच पाडावे लागते. तेथे आमच्या मिस्त्रींनी एक युक्ती सुचविली. उत्तरेच्या भिंतीत एक मोठा कोनाडा होता. त्याच्यावर सागवानी फळ्या पूर्वीच घातलेल्या होत्या आणि पाठीमागे जेमतेम सहा इंचांचा पडदा उरला होता. तेवढाच पडदा काढला. वरचा भार जसा होता तसाच राहिला आणि कोनाड्याची खिडकी झाली.

येथे मला सर पॅट्रिक गेडिस ह्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. प्लेगाने गांजलेल्या इंदूरच्या नगररचनेसाठी होळकर दरबाराने ह्या स्कॉटिश पंडिताला बोलाविले आणि त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याची त्या काळच्या अभियंत्यांची रीत त्यांना मान्य नव्हती. रोगट तेवढा भाग जपून कापावा, बाकीचे शरीर जगवावे, असे त्यांचे सांगणे. आणि १९१७ च्या दिवाळीत त्यांनी जो प्रयोग केला तो तर इंदूरच्या इतिहासात अपूर्वच होय. मिरवणूक त्या रस्त्यांवरून जाईल जे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील, असे त्यांनी जाहीर केले. झाले! मिरवणुकीच्या आशेने शहरभर झाडझूड आणि घरांची डागडुजी सुरू झाली. त्या मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, हार घालून चालले, आणि घाणीचा राक्षस व प्लेगाचा उंदीर ह्यांचे शेवटी दहन झाले. ज्यांच्या श्रमावर शहर उभे आहे त्यांना प्रथम मानाची जागा देणे, हे त्या म्हाताऱ्याने ओळखले होते. घराच्या बाबतीत आपण ते ओळखले आहे काय?

आता रंगाकडे वळतो. कारण काकूंनी मागितला होता तो रंग, आणि सर्वांत अधिक चुका आम्ही केल्या त्याही तेथेच.

पहिली गोष्ट, काजळी. धुराच्या काजळीत तेलाचा अंश असतो. तिच्यावर नुसता रंग फासला तर महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी डाग आतून वर येतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती भिंत तीनदा घासावी लागली, जेथे गिलावा सुटला होता तेथे तो काढून पुन्हा चुन्याचाच करावा लागला. चुन्याचाच, ह्या शब्दावर मी भर देतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आमच्याच वडीलधाऱ्यांनी मोरीशेजारची एक भिंत टिकाऊ व्हावी म्हणून सिमेंटने गिलावून वर तेलरंग दिला होता. जमिनीतील ओल मातीच्या भिंतीत चढतच असते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर निघून जाते, सिमेंटने आणि तेलरंगाने तिचा मार्ग बंद होतो. ती मग आतल्या आत वर चढते, भिंतीला लोणा लागतो आणि एके दिवशी रंगाचे पापुद्रे हातात येतात. त्या भिंतीत कंबरेइतक्या उंचीपर्यंत विटांचा अक्षरशः भुगा झाला होता. टिकाऊपणाची हौस अशी महागात पडली.

दुसरी गोष्ट, चुन्यात कोणता रंग टिकतो ही. चुना हा तिखट स्वभावाचा पदार्थ आहे. पुष्कळ रंग तो खाऊन टाकतो. त्याच्याशी ज्यांचे पटते ते मुख्यतः मातीचे रंग: गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा आणि त्यांच्या मधल्या छटा. पूर्वी गवंडी निळ्या-हिरव्या झाकेसाठी मोरचूद घालीत. तो विषारी असल्यामुळे अन्नाच्या खोलीत मी घालू दिला नाही. कळीचा चुना विझवून, गाळून, दुधाइतका पातळ करावयाचा. भिंत आधी पाण्याने भिजवावयाची. हात पातळ द्यावयाचा, आणि एक हात सुकल्यावाचून दुसरा द्यावयाचा नाही. हवेतील वायू शोषून चुना हळूहळू पुन्हा दगड होतो आणि रंगाला आपल्यात धरून ठेवतो. ह्याला घाई चालत नाही.

येथे माझी फजिती झाली ती सांगितलीच पाहिजे. ओल्या भिंतीवर चुन्याचा रंग असतो त्याहून पुष्कळ गडद दिसतो आणि सुकला की फिका पडतो. हे मला ठाऊक असूनही पहिला हात सुकल्यावर तो फिकटपणा मला सोसला नाही आणि मी पिवडीचे प्रमाण वाढविले. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून रंग अधिक झाला की चुन्याला तो धरवत नाही, हा गवंड्यांचा साधा नियम. चार दिवसांनी काकूंनी काही न बोलता आपल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर माझ्यापुढे धरला. भिंतीला टेकल्यामुळे तो हळदीच्या कार्यातून आल्यासारखा पिवळा झाला होता. ती भिंत घासून पुन्हा केली.

पिवळाच का, असे आपण विचाराल. खिडकी उत्तरेची. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो हा त्याचा गुण, आणि थंड, निळसर असतो हा दोष. त्यात पुस्तकातला राखाडी रंग अभ्राच्छादित दिवसासारखा उदास दिसला असता. पिवडी त्या उजेडाला ऊब देते. दक्षिणेच्या उन्हाने तापणाऱ्या खोलीत मी हाच रंग कधीही सुचविणार नाही. तेथे हिरवट पांढरा बरा. रंग खोलीच्या उजेडावरून ठरतो, आवडीवरून नंतर. कंबरेच्या खाली मात्र गेरूचा पट्टा, जसा तो ह्या घरांत पूर्वीपासून असे, कारण पाण्याचे शिंतोडे आणि हातांचे डाग त्यावर दिसत नाहीत. शेगडीमागे चुन्याचा हट्ट धरला नाही. तेथे फोडणी उडते, म्हणून पांढऱ्या चकाकत्या फरश्या. जमिनीला कोटा फरशी, तिची निळसर हिरवी झाक ह्या पिवळ्याशी छान बसते. ओट्याला मात्र कोटा घालू नये. लिंबाचा, चिंचेचा कोळ सांडला की तिच्यावर डाग खातो. तेथे काळा ग्रॅनाइट घातला.

लाकडाचा रंग वहिनींनी ठरविला, आणि तो कसा ठरविला हे सांगण्याजोगे आहे. त्यांनी आपली महेश्वरी लुगडी आणून खाटेवर पसरली. अहिल्याबाईंच्या वेळेपासून महेश्वरच्या मागांवर जे रंग विणले गेले त्यांची नावे किती गोड आहेत पाहा: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी. ह्या नावांत एकही फुकट जाहिरातीचे नाही. प्रत्येक रंग फळाफुलांतून, घरातून उचललेला. अंगावर कोणता रंग कोणत्या काठाशी शोभतो हे आमच्या स्त्रियांना शिकवावे लागत नाही. तीच नजर भिंतीकडे वळवावयास त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच. "भाऊजी, अंगावर पिवळं आणि काठ अंगुरी," असे म्हणून त्यांनी निर्णय देऊन टाकला. म्हणून कपाटे अंगुरी झाली, अळशीच्या तेलात घोटलेल्या रंगाची. हा रंग वाळावयास फार दिवस घेतो, पण लाकडाबरोबर फुगतो आणि आकसतो, त्यामुळे सहसा तडकत नाही. फडताळांच्या आतल्या अंगाला डाळिंबी. दार उघडले की तो एकदम दिसतो आणि पितळेची भांडी त्यावर उठून दिसतात. हा खर्च अनावश्यक होता हे मला मान्य आहे. मी त्याला विरोध केला होता, आणि आता तोच मला सर्वांत आवडतो.

रंगाचा आणि स्वयंपाकघराचा विचार केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. १९२६ साली मार्गारेट लिहोत्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनगाडीतील रांधण्याची जागा पाहून, बाईची पावले मोजून, सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब जागेत त्यांनी सर्व काही बसविले. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. कपाटांना त्यांनी निळसर रंग दिला, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असे तेव्हाच्या संशोधकांचे म्हणणे होते. आजची सारी ठेकेदारी स्वयंपाकघरे ह्या एका खोलीची वंशज आहेत. गंमत अशी की, ते आखीपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे त्या बाई पुढे स्वतःच सांगत. त्यांचा हेतू थोर होता, बाईचे श्रम वाचावे हाच. परंतु ती खोली एकाच बाईसाठी होती. आमच्याकडे काकू निवडतात, वहिनी लाटतात, नातवंड मध्येच येऊन गूळ मागते. तेथे पावलांबरोबर माणसेही मोजावी लागतात.

जुन्यातले काय राहिले, असे कोणी विचारील. धुराडे राहिले. कौलांतील ती जुनी फट आम्ही बुजविली नाही, तिच्यावर जाळी आणि झडप बसविली. वीज गेली तरी फोडणीचा खाट तेथून आपला आपण निघून जातो. कडीपाट धुऊन, तेल पाजून जागच्या जागी ठेवला. मातीची चूल मात्र अंगणात गेली. बाफले गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजल्याखेरीज बाफले होत नाहीत ह्याविषयी घरात दुमत नाही, आणि उघड्या हवेत तो धूर कोणाच्या डोळ्यांत जात नाही. उंबरठ्यापाशी वहिनींनी गेरूने जमीन माखून वर खडूच्या पाण्याने माळव्याचा मांडणा घातला. दर सणाला तो पुसला जातो आणि नवा घातला जातो.

ह्या सर्वाला चार महिने लागले. आठ दिवसांचे आश्वासन देणारा ठेकेदार मधून मधून भावाला फोन करून चौकशी करी, आणि श्रावणाच्या झडीत पडवीत ताडपत्रीखाली रांधावे लागले तेव्हा भावाचेही मन डळमळले होते, हे मी लपवीत नाही. पैसा त्या पुस्तकातल्या कामाइतकाच लागला. फरक असा की, तो बहुतेक सारा गावच्या सुताराच्या, गवंड्याच्या आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांच्या हातात गेला. सुताराचा मुलगा इंदूरला कारखान्यात जावयाचे म्हणत होता. ह्या कामानंतर गावातल्याच आणखी एका वाड्याचे काम त्याला मिळाले आहे.

गेल्या महिन्यात मी देपालपूरला गेलो होतो. दुपारची वेळ होती. काकू आपल्या बाकड्यावर, खिडकीच्या उजेडात, तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मी बसलो तशी त्यांनी ताटातून एक बारीक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा निवडू लागल्या. वहिनींची तक्रार एवढीच की, लाटण्याचा ओटा आणखी अर्धा इंच खाली हवा होता. भिंतीवर शेगडीच्या बाजूला थोडी पिवळाई मळली आहे. चुन्याच्या भिंतीला वर्षा-दोन वर्षांनी एक हात द्यावाच लागतो. त्यासाठी कळीचा चुना परसात रांजणात भिजत घातलेला आहे. दिवाळीपर्यंत तो लोण्यासारखा होईल.